मंडळी कोणाची

गेल्या पंधरवड्यात गावाहून एक छापील आमंत्रण आलं. थेटरावर नवं छप्पर घातलंय, त्याचा समारंभ आहे, गावच्या जुन्या रहिवासी म्हणून मी हजर राहावं, शाल-नारळ देऊन माझा सत्कार करायचा आहे, असा मजकूर. खाली कार्यवाह म्हणून सही बापूसाहेब देशमुखांच्या नातवाची. मी ते आमंत्रण सरळ चुलीत घातलं. सून म्हणाली, "आत्याबाई, निदान येत नाही म्हणून दोन ओळी तरी लिहा." दोन ओळी लिहायला बसले आणि हात थांबेना. तेव्हा पत्र राहिलं बाजूला आणि हे प्रकरण लिहून झालं. ज्यांना सत्कार करायचा आहे त्यांनी हेच वाचावं.

आमचं गाव मोगलाईतलं, म्हणजे निजामाच्या राज्यातलं. आष्टी चालत दोन घटकांवर. पलीकडे करोडगिरीचं, म्हणजे जकातीचं, नाकं ओलांडलं की पुढे इंग्रजी मुलूख आणि नगरची वाट. त्या वाटेनं कधीकाळी एक गोरा साहेब घोड्यावरून आला आणि त्यानं आमच्या महारवाड्याच्या अंगाला काळ्या दगडाचं देऊळ बांधलं. आम्ही ख्रिस्ती लोक त्याला देऊळच म्हणायचो, चर्च हा शब्द मी नगरला आल्यावर शिकले. त्याचे धोंडे माझ्या आजोबांनी आणि त्यांच्या भावकीनं खाणीपासून खांद्यावर आणले होते. आजोबांच्या उजव्या खांद्याला त्याचा घट्टा होता आणि ते तो पाहुण्यांना सदरा काढून दाखवायचे. उंच, टोकाला निमुळत्या होत गेलेल्या खिडक्या, शहाबादी फरशी, वर एक घंटा. पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून आमच्या दोन खोल्या. देवळाची आणि आमची भिंत एकच. माझे वडील, अप्पा, आठवडाभर देवळात मुलांची शाळा घ्यायचे आणि इतवारी तिथेच उपदेश करायचे. त्यामुळे गाव त्यांना मास्तर म्हणायचं आणि आमची माणसं पाळक.

त्या घरातले आवाज मला अजून क्रमानं सांगता येतात. पहाटे आईचं जातं. ती बाप्तिस्मा घेऊन किती वर्षं झाली होती, पण जात्यावर बसली की ओवीच यायची. फक्त त्यात विठूच्या जागी येशू असायचा आणि बाकी शेत, माहेर, दीर-जावा सगळं जुनंच. मग अप्पांचं खाकरणं, मग शाळेचा पाढ्यांचा गोंगाट. इतवारी घंटा, आणि मग टाळ-मृदंगावर भजन. आमच्याकडे बाजाची पेटी नव्हती. खायला रोज बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं. माडग्याचा मला मनापासून तिटकारा होता, आणि आज खावंसं वाटलं तरी तसं माडगं कुणाला जमत नाही. इतवारी मात्र आई येसराची आमटी करायची, मोठ्या पातेल्यात, कारण उपासनेनंतर कुणी ना कुणी जेवायला थांबायचंच. आई विचारायची, "मंडळी किती हाय आज?" मंडळी हा आमच्या घरात दिवसातून दहादा येणारा शब्द. मंडळी म्हणजे देवळात जमणारी सगळी ख्रिस्ती माणसं. मंडळीत कोण आजारी, मंडळीत कुणाचं लग्न, मंडळीनं काय ठरवलं. मी लहानपणी समजायचे की हा शब्द फक्त आमचाच आहे.

त्याच शब्दानं आमचा घात केला.

साहेब म्हातारा झाला आणि आपल्या देशी परत निघाला. त्याच्या जागी दुसरा कुणी मोगलाईत यायला तयार नव्हता. जाताना त्यानं अप्पांना देवळाची किल्ली दिली आणि स्वतःच्या हातानं मराठीत एक चिठ्ठी लिहून दिली. तीत होतं, ही इमारत मंडळीची आहे, ती मंडळीच्या ताब्यात राहावी व मंडळीने ती नीट राखावी. अक्षर मोत्यासारखं. सगळी मंडळी रडली, साहेबही रडला, घोडा गेला. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि मीसुद्धा हमसून हमसून रडले. आज मला त्या रडण्याचा राग येतो. इतकी वर्षं मराठी शिकलेल्या माणसाला 'ख्रिस्ती' हा एक शब्द जास्त लिहायला काय झालं होतं? इमारतीऐवजी देऊळ लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण आमच्यात राहून राहून त्याचाही तोच समज झाला होता, की मंडळी म्हटलं की आम्हीच.

गावात दुसरी एक मंडळी होती. बापूसाहेब देशमुखांची नाटक मंडळी. बापूसाहेब नगरला जाऊन संगीत नाटकं बघून आलेले. तिथून त्यांनी बाजाची पेटी, दोन रंगवलेले पडदे आणि 'वन्स मोअर' अशी आरोळी, एवढं सामान आणलं. राजाची भूमिका कायम त्यांचीच. त्यांच्या वाड्यामागच्या गोठ्यापुढे खेळ व्हायचा. पण आमच्याकडचा वारा असा की पडदा शिडासारखा फुगायचा आणि राजा त्यात गुंडाळला जायचा. त्यांना चार भिंती आणि छप्पर हवं होतं. साहेब गेल्यावर महिन्याभरानं बापूसाहेब आमच्या दारात आले. आत येणं शक्यच नव्हतं, अंगणाच्या कडेला उभे राहिले, आणि आईनं झाडून घेतलेल्या अंगणात पान थुंकून म्हणाले, "मास्तर, साहेबानं कागूद दिलाय म्हणं तुला. बघू."

अप्पांनी तो कागद पत्र्याच्या पेटीतून काढून आणला. मला आजही तो क्षण सहन होत नाही. त्यांना अभिमान वाटला हो! देशमुख आपल्या दारी येऊन आपला कागद मागतोय, याचाच अभिमान. त्यांनी कागद दगडावर ठेवला, बापूसाहेबांनी उचलून वाचला, एकदा, दोनदा, आणि हसले.

"मंडळीची हाय म्हणतोय. मग आमची बी मंडळीच हाय की बे."

अप्पाही हसले. त्यांना ती थट्टा वाटली. बापूसाहेब म्हणाले, "आष्टीला पेशकाराकडून नक्कल करून घेतो. तुज्याच भल्याचं हाय. सरकारदरबारी नोंद पाहिजे का न्हाई?" आणि कागद अंगरख्यात घालून चालू लागले. आई चुलीपुढून उठून आली. "कावून दिला?" अप्पा म्हणाले, "अगं, नोंद करून देतेत." आईनं दारातल्या त्या लाल पिचकारीवर राख टाकली.

आठ-दहा दिवसांनी तहसिलीचा शिपाई हुकूम घेऊन आला. हुकूम उर्दूत. आमच्या वस्तीत उर्दू कुणाला वाचता येणार? अप्पा तो घेऊन मशिदीतल्या मौलवींकडे गेले. मौलवी भला माणूस, त्यांनी दोनदा वाचला आणि मग अर्थ फोडून सांगितला. साहेबाच्या चिठ्ठीचा उर्दूत तर्जुमा करताना पेशकारानं, म्हणजे कचेरीतल्या कारकुनानं, मंडळीचं 'नाटक मंडली' करून टाकलं होतं. मुद्दाम केलं की त्याला खरंच तेवढाच अर्थ ठाऊक होता, हे मला कधीच कळलं नाही. साहेबानं आपली इमारत गावच्या नाटक मंडळीला दिली, असं सरकारी कागदावर आलं होतं. आता मास्तरानं किल्ली देशमुखांच्या हवाली करावी. हरकत असेल तर अमुक दिवशी कचेरीत हजर राहून, आपल्या मंडळीसकट, म्हणणं मांडावं.

अप्पा त्या संध्याकाळी घरोघर फिरले. "सगळ्यांनी यायचं. मंडळी म्हंजे कोण, ते हाकिमाला डोळ्यानं दिसू द्या." सगळे हो म्हणाले. पण ज्वारीची काढणी सुरू होती आणि यातली निम्मी माणसं देशमुखांच्या रानात होती. त्या सकाळी वेशीजवळ आम्ही उभे राहिलो. अप्पा, आई, मी, आणि गंगूमावशी. गंगूमावशी विधवा, निपुत्रिक, कुणाच्या रानात न जाणारी, झाडण्या वळून विकणारी. तिला घाबरवायला कुणापाशी काही नव्हतं. सूर्य कासराभर वर आला तरी दुसरं कुणी आलं नाही. आम्ही चौघं निघालो. वाटेत दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती आणि तिच्यात आमचीच माणसं खाली वाकून काम करत होती. एकानंही वर बघितलं नाही. देशमुखांवरचा माझा राग मी समजू शकते, शत्रूच तो. पण त्या वाकलेल्या पाठींवरचा माझा राग अजून गेलेला नाही. तुम्ही म्हणाल, त्यांना पोट होतं. आम्हालाही होतं.

कचेरीत बापूसाहेब आपली अख्खी मंडळी घेऊन आले होते. पेटीवाला, तबलजी, पडदे ओढणारे, आणि आवाज करायला म्हणून आणखी कितीतरी. तहसीलदार हैदराबादचा, पान खाणारा, थकलेला माणूस. त्याला या प्रकरणाचा कंटाळा आला होता हे दिसत होतं. त्यानं अप्पांना विचारलं, "मंडली बोले तो क्या? तुम भी नाटक करते?"

अप्पा म्हणाले, "न्हाई सरकार. मंडळी म्हंजे जमलेले लोक. देवाच्या नावानं."

"लोगां किधर हैं तुम्हारे?"

अप्पांनी मागे वळून आमच्याकडे बघितलं. आई, मी आणि गंगूमावशी. बापूसाहेबांच्या बाजूनं कुणीतरी फिदीफिदी हसलं. तेवढ्यात गंगूमावशी पुढे झाली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आमी हावो की! दिसत न्हाई का?" शिपायानं तिला मागे ढकललं. पण तहसीलदार मात्र जरा हसला, आणि त्या हसण्यापुरतीच आमच्यावर मेहेरबानी झाली. इतवारी सकाळपासून जोहरच्या, म्हणजे दुपारच्या, अजानपर्यंत इमारत पादरीवाल्यांची, बाकी सगळे दिवस नाटकवाल्यांची, किल्ली देशमुखांकडे. असा निकाल.

परत येताना अप्पा खुशीत होते. "इतवार तर ऱ्हायला," ते सारखं म्हणत होते. आई एकदाच बोलली. "सवतं दार होतं, ते दुसऱ्याच्या घरात भीक मागायचं झालं."

दुसऱ्याच दिवशी वाड्यावरचे भटजी आले आणि त्यांनी देवळात कोपऱ्याकोपऱ्यात गोमूत्र शिंपडलं. आमच्या श्वासानं बाटलेल्या भिंती. मग सुतार आले. जिथे अप्पांचं मेज होतं तिथे फळ्यांचा उंच रंगमंच झाला. मागे पडदा लागला, त्यावर जंगल, जंगलात हरीण आणि लांबवर एक राजवाडा. पुढे बापूसाहेबांच्या पाहुण्यांसाठी खुर्च्यांच्या दोन रांगा. शाळा बंद झाली. दुपारी तालमी सुरू झाल्या आणि आमच्या भिंतीतून पेटीचा सूर घरात यायला लागला. इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही. भाकऱ्या थापताना मी त्या भिंतीला कान लावायचे. सगळी पदं मला पाठ झाली. ती मला फार आवडली, आणि आवडतात म्हणून मी स्वतःवर इतकी चिडायचे की एकदा तवाच फेकला. आईनं तो उचलून परत चुलीवर ठेवला, तिला कळलं असावं.

पहिला इतवार आला. अप्पांनी वाड्यावर जाऊन किल्ली आणली. आता कचेरीत जाणं नव्हतं, म्हणून बरीच मंडळी आली, खाली मान घालून. आत नटांनी तोंडाला फासायच्या सफेद्याचा आणि विड्यांचा वास कोंडला होता. खुर्च्यांना हात लावायचा नाही असा वाड्यावरून निरोप होता, त्यामुळे आम्ही त्यांच्या मागे फरशीवर बसलो. आमच्यापुढे खुर्च्यांच्या पाठी आणि त्यांच्या फटींतून दिसणारे, रंगमंचावर हरणापुढे उभे असलेले अप्पा. धुतलेलं धोतर, काळा कोट, हातात पुस्तक. भजन झालं. एवढ्यात दार उघडलं आणि बापूसाहेब पाच-सहा सोबती घेऊन आले. ते सरळ पुढे जाऊन खुर्च्यांवर बसले. पानाचा डबा उघडला, पाय पसरले. नाटक बघायला बसतात तसे.

अप्पांनी उपदेश थोडक्यात आटोपला. मग सगळ्यांनी डोळे मिटून प्रभूची प्रार्थना म्हटली, आम्ही रोज म्हणायचो ती. शेवटचं आमेन झालं आणि पुढून आरोळी आली.

"वन्स मोअर!"

हसू फुटलं. एक जण टाळ्या वाजवायला लागला. मला वाटलं, आता अप्पा पुस्तक मिटतील, खाली उतरतील, आणि आम्ही सगळे ताठ मानेनं बाहेर पडू. अख्ख्या गावात त्या इंग्रजी शब्दांचा अर्थ नीट ठाऊक असलेला, साहेबाकडे इंग्रजी शिकलेला, एकच माणूस होता आणि तो फळ्यांवर उभा होता. अप्पांनी त्यांच्याकडे बघितलं. मग हात जोडले, डोळे मिटले आणि पहिल्या शब्दापासून प्रार्थना पुन्हा सुरू केली. मंडळी गोंधळली, कुजबुजत मागोमाग म्हणू लागली. संपली. "वन्स मोअर!" पुन्हा तेच. अप्पांनी पुन्हा हात जोडले. तिसऱ्यांदा मागे आवाज उरले तीनच, आई, गंगूमावशी आणि मी. आमचा अपराध करणाऱ्यांना आम्ही क्षमा करतो, या अर्थाची जी ओळ त्या प्रार्थनेत आहे, ती आली. माझ्यासमोर खुर्चीच्या फटीतून बापूसाहेबांची तेल लावलेली मान दिसत होती. मी तोंड मिटून घेतलं. दात दातांवर दाबले. आई आणि मावशी म्हणत राहिल्या, मी नाही.

तिसरी आरोळी आली नाही. बापूसाहेब उठले, धोतराचा सोगा झटकला आणि म्हणाले, "जमतंय बे मास्तर तुला. पुढल्या खेळात घिऊ. साधूचा पार्ट दिऊ." ते गेले. त्यांच्यामागून आमचीही माणसं एकेक करून उठली आणि अप्पांकडे न बघता बाहेर पडली. येसराची आमटी त्या दिवशी पातेल्यात तशीच राहिली.

पुढच्या इतवारी आम्ही घरचे तिघं आणि गंगूमावशी. त्याच्या पुढच्या इतवारी गंगूमावशीला ताप होता. तेव्हा अप्पांनी किल्ली वाड्यावर नेऊन दिली आणि सांगितलं, की आता इतवारीही लागणार नाही. कागदावर आमचा निम्मा दिवस शिल्लक होता, तो त्यांनी आपल्या हातानं सोडला. वर्षभरात आम्ही बैलगाडीत सामान भरून नाकं ओलांडलं. नगरला अप्पांना शाळेत काम मिळालं. त्या गावात ते पुन्हा गेले नाहीत.

नगरला आल्यावर एकदा मी त्यांना विचारलंच. मी कांदा चिरत होते, ते बरं झालं. "अप्पा, तुमी तीनदा कावून म्हणलात? ते खिदळत हुते. तुमाला कळत न्हवतं?"

"कळत हुतं की."

"मग?"

ते म्हणाले, "पहिल्या खेपेला मी नुसती म्हणलो हुतो, पोरी, सवयीनं. त्या ओळीपाशी माझं मन तयार न्हवतं. दुसऱ्या खेपेलाबी न्हाई. तिसऱ्या खेपेला झालं." आणि उठून अंगणात गेले.

ते खरं बोलत होते, कारण अप्पांना खोटं बोलता यायचं नाही. त्यांना तिसऱ्या खेपेला जमलं. मला त्यानंतर हजारदा संधी मिळाली. दर इतवारी मी उपासनेला जाते, पहिल्या रांगेत बसते, प्रार्थना मोठ्यानं म्हणते. ती ओळ आली की गप्प होते आणि पुढच्या ओळीला पुन्हा सुरू करते. शेजारी बसलेल्या बायकांना वाटतं, म्हातारीला धाप लागली.